वुलनगाँगच्या फुटबॉल क्लबांनी स्थलांतरितांची ओळख जपावी की सोडावी?

किनारपट्टी :
ऑस्ट्रेलियातील वुलनगाँगमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुले शनिवार-रविवारी ज्या क्लबांकडून फुटबॉल खेळतात, त्यांपैकी काही क्लब पोलादाच्या कारखान्यात राबायला आलेल्या मॅसिडोनियन, इटालियन आणि इतर युरोपीय कामगारांनी उभे केलेले आहेत. अशा क्लबांनी मूळ देशाशी जोडलेले रंग, चिन्हे आणि नावे सोडून केवळ आपल्या उपनगराच्या नावाने ओळखले जावे, असे मत आपल्या मंडळींत वारंवार ऐकू येते. मला ते पटत नाही. त्याची कारणे या शहराच्या इतिहासात आहेत, म्हणून तो इतिहास आधी मांडतो.

सिडनीच्या दक्षिणेला सुमारे ८० किलोमीटरवर, समुद्र आणि कोळशाने भरलेला उंच कडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर वसले आहे. येथे फुटबॉल आणला तो ब्रिटनमधून आलेल्या खाणकामगारांनी. बालगाउनी रेंजर्स हा क्लब १८८३ सालचा असून, आजही खेळत असलेल्या ऑस्ट्रेलियन क्लबांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. याच बालगाउनीच्या जेम्स मास्टर्स यांनी १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे नेतृत्व केले आणि तेथील मैदानाला त्यांचे नाव आहे. पोर्ट केंब्लाचा पोलाद कारखाना १९२८ नंतर वाढत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला एवढी माणसे लागली की युरोपातून जहाजे भरभरून कामगार आले आणि फेअरी मेडो, बर्कली, युनँडेरा येथील सरकारी वसतिगृहांत त्यांची पहिली बिऱ्हाडे थाटली गेली. भाषा येत नाही, हातातल्या कौशल्याचे प्रमाणपत्र येथे चालत नाही आणि तीन पाळ्यांमुळे शेजाऱ्याची ओळखही होत नाही, अशा अवस्थेत रविवारचा सामना हा त्यांचा एकमेव सार्वजनिक व्यवहार होता. कारखान्याला लागून असलेल्या क्रिंगिलामधील क्रिंगिला लायन्स किंवा वुलनगाँग युनायटेड हे मॅसिडोनियन मंडळींचे क्लब या गरजेतून वाढले. नोकरीची खबर, भाड्याच्या खोलीचा पत्ता आणि आजारपणातली मदत हे सारे तेथे मिळत असे.

आणि हे क्लब वेगळे राहिले, त्याला केवळ त्यांचा हट्ट कारणीभूत होता असेही नाही. सिडनीत स्थलांतरितांच्या क्लबांना वरच्या श्रेणीत बढती नाकारली जात होती, म्हणूनच १९५७ मध्ये त्यांनी जुन्या संघटनेतून फुटून नवा महासंघ काढला. ज्यांना दारातच अडवले, त्यांनी स्वतःचे घर बांधले. त्या घरावरची पाटी काढा असे साठ-सत्तर वर्षांनी सांगणे मला अन्यायाचे वाटते, विशेषतः ‘रेंजर्स’ या नावातला स्कॉटिश वारसा कोणालाही खटकत नसताना.

मधली फळी :
आपण इतिहास नेमका मांडला आहे, पण त्याच इतिहासातून मला उलटा निष्कर्ष दिसतो. या शहराने फुटबॉलमध्ये सर्वांत मोठे यश मिळवले ते कोणत्याही एका समाजाच्या संघाने नव्हे, तर शहराच्या नावाने खेळणाऱ्या वुलनगाँग वुल्व्ह्ज या संघाने. जून २००० मध्ये पर्थ येथे ४३ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झालेल्या राष्ट्रीय लीगच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला हा संघ ०-३ असा पिछाडीवर होता. त्याने ३-३ अशी बरोबरी साधली आणि पेनल्टींवर ७-६ असा विजय मिळवला. पुढच्या वर्षी साउथ मेलबर्नला हरवून त्याने विजेतेपद राखले आणि २००१ मध्येच ओशनिया खंडाचे क्लब विजेतेपदही जिंकले. त्या काळात मॅसिडोनियन, पोर्तुगीज आणि इंग्लिश कुटुंबे एकाच बाकावर बसून एकाच संघासाठी ओरडत होती.

नावे आणि चिन्हे यांचा प्रश्न केवळ भावनेचा नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी ऑस्ट्रेलिया कपच्या अंतिम सामन्यात, क्रोएशियन समाजाने स्थापन केलेल्या सिडनी युनायटेड ५८ च्या काही प्रेक्षकांनी नाझी पद्धतीचे हात उंचावले आणि या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या वतीने होणाऱ्या स्वागताच्या वेळी हुल्लड केली. युरोपातील जुनी वैरे येथील मैदानावर आणण्याची सवय ज्या चिन्हांभोवती जोपासली जाते, ती चिन्हे निरुपद्रवी आहेत असे मी मानू शकत नाही. १९९२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये राष्ट्रीय संघटनेने क्लबांना नावे व बोधचिन्हे बदलायला लावली, तेव्हा मेलबर्न क्रोएशियाचे मेलबर्न नाइट्स झाले आणि प्रेस्टन मॅकेडोनियाचे प्रेस्टन लायन्स झाले. त्या निर्णयामागे ही भीती होती आणि ती निराधार नव्हती.

शिवाय लहान मुलांचा विचार करा. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने आपल्या मुलाचे नाव एका क्लबात नोंदवले. पालकांची बैठक अर्ध्याहून अधिक काळ त्यांना न समजणाऱ्या भाषेत चालत असे. पुढच्या हंगामात ते दुसरीकडे गेले. कोणी त्यांना हाकलले नव्हते, पण ही जागा आपली आहे असेही त्यांना कधी वाटले नाही.

चौथा पंच :
मधली फळी यांनी वुल्व्ह्जचे उदाहरण दिले आहे, म्हणून त्या कथेचा पुढचा भागही सांगायला हवा. २००४ मध्ये जुनी राष्ट्रीय लीग बंद झाली आणि २००५ मध्ये ए-लीग सुरू झाली. आठ संघांच्या त्या लीगमध्ये न्यूकॅसलला आणि गॉसफर्डच्या सेंट्रल कोस्टला जागा मिळाली, मात्र चारच वर्षांपूर्वीच्या विजेत्या वुलनगाँगला मिळाली नाही. म्हणजे शहराचे नाव, सर्वांना सामावणारी ओळख आणि दोन विजेतेपदे एवढे सगळे असूनही या संघाला दार बंद झाले. पैसा, मैदान आणि दूरचित्रवाणीची बाजारपेठ यांवर ठरणाऱ्या गोष्टीचे खापर किंवा श्रेय नावावर फोडू नये.

त्यानंतर या शहरात फुटबॉल जिवंत ठेवला तो खालच्या स्तरावरील क्लबांनी. २००६ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या संघात असलेले स्कॉट चिपरफील्ड, ल्यूक विल्कशायर आणि मिले स्टेरयोव्स्की हे तिघेही या परिसरातले. त्यांतले स्टेरयोव्स्की मॅसिडोनियन वंशाचे आहेत. चिपरफील्ड वुल्व्ह्जकडून खेळताना बस चालवत असत आणि तेथून थेट स्वित्झर्लंडच्या बासेल संघात गेले. असे खेळाडू घडतात ते कोणीतरी गुरुवारी संध्याकाळी दिवे लावते, जाळी बांधते आणि उपाहारगृहात उभे राहते म्हणून. हे काम विनावेतन आणि पिढ्यान्‌पिढ्या करायला लावणारी शक्ती बहुतेक ठिकाणी आपल्या आजोबांनी हा क्लब काढला ही जाणीव हीच आहे.

२०२३ मध्ये राष्ट्रीय दुसऱ्या श्रेणीसाठी जे आठ संस्थापक क्लब जाहीर झाले, त्यांत वुल्व्ह्ज आहेतच. पण एपिया लाइकहार्ट आणि मार्कोनी हे इटालियनांचे, साउथ मेलबर्न ग्रीकांचा, प्रेस्टन लायन्स मॅसिडोनियनांचा आणि सिडनी युनायटेड क्रोएशियनांचा, असे किमान पाच क्लब स्थलांतरितांनी काढलेले आहेत. ए-लीगमधील काही संघ बंद झाले, हे क्लब मात्र टिकले.

२०२२ च्या प्रसंगाचे समर्थन मी अजिबात करत नाही. त्याबद्दल क्लबाला १५ हजार डॉलर दंड झाला आणि दोषी प्रेक्षकांवर आजन्म बंदी आली, हे योग्यच झाले. परंतु तो संघ तीस वर्षांपूर्वीच ‘क्रोएशिया’ हे नाव सोडून ‘युनायटेड’ झाला होता. नाव बदलल्याने द्वेष गेला असता तर तो प्रसंग घडलाच नसता.

गिरगावकर :
मराठी वाचकांना या वादात मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा आठवायला हवी. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि ‘इतर’ असे संघ मैदानावर उतरत, आणि त्या सामन्यांना जमणारी गर्दी व खेळाचा दर्जा यांबद्दल जुनी माणसे आजही भरभरून बोलतात. तरीही गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्ये तिला विरोध केला आणि १९४६ मध्ये ती कायमची बंद झाली. रणजी करंडकात प्रांताच्या नावाने खेळणे हाच पुढचा मार्ग ठरला. खेळ उत्तम होता, स्मृती सुंदर होत्या, पण समाजाच्या नावाने संघ उभा करण्याची पद्धत समाजाला हानिकारक होती. वुलनगाँगला वेगळा नियम का लावावा?

किनारपट्टी :
गिरगावकर यांचा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. पंचरंगी स्पर्धेत हिंदूंच्या संघात मुसलमान खेळाडू खेळूच शकत नव्हता. संघाची व्याख्याच धर्मावर होती. ऑस्ट्रेलियातील स्थलांतरितांचे क्लब तसे नव्हते. जॉनी वॉरन हे तेथील फुटबॉलचे सर्वांत आदरणीय नाव. सिडनीत इंग्रजी बोलणाऱ्या घरात वाढलेला हा खेळाडू वर्षानुवर्षे हंगेरियन निर्वासितांच्या सेंट जॉर्ज बुडापेस्ट या क्लबाकडून खेळला आणि देशाचा कर्णधार झाला. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियाला प्रथमच विश्वचषकात नेणारे प्रशिक्षक राले रासिच हे युगोस्लाव्हियातून आले होते आणि त्यांनीही याच क्लबाचे प्रशिक्षकपद सांभाळले होते.

दुसरे असे की, स्पर्धा बंद झाली तरी मरीन ड्राइव्हवरचे जिमखाने बंद झाले नाहीत. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना ही नावे आजही तशीच आहेत. पारशी जिमखान्याकडून सूर्यकुमार यादव खेळले आहेत आणि मुंबईकरांना त्यात काही विपरीत दिसत नाही. दार उघडे असेल तर पाटीवर कोणाचे नाव आहे याने बिघडत नाही, आणि दार बंद असेल तर पाटी बदलून ते उघडत नाही. राष्ट्रीय संघटनेलाही बहुधा हेच उमगले असावे. २०१४ मध्ये तिने नव्या क्लबांना वांशिक वा राष्ट्रीय अर्थ असलेली नावे व चिन्हे घेण्यास मनाई केली होती, ते धोरण २०१९ मध्ये रद्द झाले.

शेजारीण :
आपण सर्वजण आजोबांच्या क्लबाबद्दल बोलत आहात. आजी त्या वेळी कोठे होत्या, हा प्रश्न एकाही प्रतिसादात आलेला नाही. रविवारच्या त्या सार्वजनिक व्यवहारात बायका होत्या, पण बहुतांशी स्वयंपाकघरात आणि तिकिटांच्या टेबलामागे. कार्यकारिणी पुरुषांची, मैदान पुरुषांचे आणि मुलींच्या सरावाला उरलेली वेळ. याबाबतीत बालगाउनीचे खाणकामगार आणि क्रिंगिलाचे पोलाद कामगार यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

या परिसराने गेल्या वीस वर्षांत जे सर्वोत्तम फुटबॉल दिले, ते मुलींचे आहे. शेलहार्बरची केटलिन फोर्ड २०११ च्या विश्वचषकात सोळाव्या वर्षी खेळली आणि सर्वोत्तम युवा खेळाडू ठरली. मिशेल हेमनही याच भागातली. दोघीही इलावारा स्टिंगरेज या महिलांच्या क्लबात खेळल्या आहेत. आधीच्या क्लबांत मुलींना पूर्ण जागा मिळाली असती, तर कदाचित वेगळ्या क्लबाची गरजच पडली नसती. किनारपट्टी म्हणतात तसे ज्यांना दारात अडवले त्यांनी घर बांधले हे खरे, पण घर बांधणाऱ्यांनीही पुढे कोणाला तरी दारात उभे केलेच. मैदाने नगरपालिकेची, म्हणजे सर्वांच्या कराची आहेत. ज्या क्लबात मुलींच्या संघांना मुलांइतकी मैदानाची वेळ, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि कार्यकारिणीत जागा मिळत नाही, त्याच्या वारशाचे कौतुक मला सांगू नये, मग तो वारसा स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गचा असो वा मॅसिडोनियातल्या बिटोलाचा.

चौथा पंच :
शेजारीण यांचा मुद्दा मान्य आहे आणि तो नावाच्या वादाहून तातडीचा आहे. त्यात एक व्यावहारिक भर घालतो. २०११ मध्ये पोर्ट केंब्लाची एक भट्टी बंद झाली आणि शेकडो नोकऱ्या गेल्या. ज्या कारखान्याने या क्लबांना माणसे पुरवली, तो आता पुरवत नाही. संस्थापकांची नातवंडे सिडनीला जातात. यापुढे हे क्लब चालतील ते भारत, नेपाळ, सीरिया, काँगो येथून आलेल्या कुटुंबांच्या बळावर. अशा वेळी मराठी पालकांनी स्वतःचा वेगळा संघ काढावा, असे मला वाटत नाही. जवळच्या क्लबाचे सदस्य व्हावे, प्रशिक्षकाचे प्राथमिक शिक्षण घ्यावे आणि हंगाम संपल्यावर होणाऱ्या वार्षिक सभेत कार्यकारिणीच्या निवडणुकीला उभे राहावे. बैठक कोणत्या भाषेत चालावी आणि मुलींना कोणते मैदान मिळावे, हे तेथे ठरते.

मधली फळी :
वार्षिक सभेला जाण्याच्या सूचनेशी मी सहमत आहे आणि वेगळा मराठी संघ नको हेही मान्य आहे. मात्र तेथे नावाचा आणि चिन्हाचा ठराव आला, तर मी बदलाच्या बाजूने मत देईन. जुने छायाचित्र, जुना झेंडा आणि संस्थापकांची नावे क्लबाच्या भिंतीवर सन्मानाने लावावीत, त्यांचा इतिहास प्रत्येक मुलाला सांगावा. परंतु नऊ वर्षांच्या मुलाच्या छातीवर जे चिन्ह असेल, ते त्या मैदानावर येणाऱ्या प्रत्येक घराचे असले पाहिजे. किनारपट्टी आणि मी एकाच क्लबाचे सदस्य झालो, तर आमची मते त्या ठरावावर विरुद्ध पडतील.