बिले भरण्याच्या व्यवहारात बँका आणि तंत्रज्ञान कंपन्या नेमक्या कशासाठी झगडल्या?

वाटाड्या (प्रश्न):
नमस्कार. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि कार्ड व्यवहारांची यंत्रणा चालवणारी फर्स्ट डेटा यांनी संगणकावर बिले दाखवून ती भरून घेणारी कंपनी काढली, जिचे नाव पुढे ट्रान्सपॉइंट झाले. १९९९ मध्ये चेस मॅनहॅटन, फर्स्ट युनियन आणि वेल्स फार्गो या अमेरिकी बँकांनी त्याच कामासाठी स्पेक्ट्रम ही कंपनी उभी केली. पैसे शेवटी बँकेतल्या खात्यातूनच वळते होणार होते, मग बँकांनी एवढी धास्ती का घेतली?

जमाखर्च:
धास्ती पैशांची नव्हती, बिल कोणाच्या पडद्यावर उघडते याची होती. ग्राहक दर महिन्याला ज्या ठिकाणी न चुकता येतो, तिथेच त्याला कर्ज, विमा आणि गुंतवणूक विकता येते. ती जागा दुसऱ्याच्या हाती गेली, तर बँक केवळ ठेवी सांभाळणारे पडद्यामागचे कोठार उरते. शिवाय मायक्रोसॉफ्टचा इरादा बँकांना आधीच दिसला होता. १९९४ मध्ये तिने घरगुती हिशेबाचे ‘क्विकन’ बनवणारी इंट्यूट विकत घ्यायचे ठरवले होते. अमेरिकेच्या न्याय विभागाने एप्रिल १९९५ मध्ये त्याविरुद्ध दावा लावला आणि पुढच्याच महिन्यात तो सौदा बारगळला.

देयक:
वरील उत्तर पटते, पण त्यात बिल पाठवणाऱ्या कंपन्या राहून गेल्या, आणि माझ्या मते खरी अडचण त्यांचीच होती. मध्यस्थाने बिलाचा सगळा तपशील स्वतःकडे ठेवायचा की फक्त रक्कम व मुदत दाखवून ग्राहकाला मूळ कंपनीच्या संकेतस्थळावर पाठवायचे, यावर तेव्हा बराच वाद होता. वीज किंवा दूरध्वनी कंपनीसाठी बिल हे ग्राहकाशी बोलण्याचे हक्काचे साधन असते. ते बँकेच्या हाती द्यायलाही त्या नाखूश होत्या आणि तंत्रज्ञान कंपनीच्या हातीही. पुरेशी बिले एका जागी येत नाहीत तोवर ग्राहक येत नाहीत, आणि ग्राहक नाहीत म्हणून बिले येत नाहीत, असा तो पेच होता.

वाटाड्या:
मनापासून आभार. मग या दोघांत सरशी कोणाची झाली?

जमाखर्च:
सरळ सरशी कोणाचीच नाही. १९८१ मध्ये सुरू झालेल्या आणि याच कामात असलेल्या चेकफ्री कंपनीने २००० मध्ये ट्रान्सपॉइंट विकत घेतली आणि त्या बदल्यात मायक्रोसॉफ्ट व फर्स्ट डेटा तिचे भागधारक झाले. त्याच वर्षी बँक ऑफ अमेरिकानेही चेकफ्रीत हिस्सा घेतला. चेकफ्रीकडे कागदी धनादेश छापून टपालाने पाठवण्याचीही सोय होती, त्यामुळे ज्या कंपन्यांना पैसे इलेक्ट्रॉनिक मार्गाने घेता येत नव्हते त्यांचीही बिले तिच्यामार्फत भरता येत. मला हेच तिचे खरे बळ वाटते. पुढे स्पेक्ट्रम २००२ मध्ये बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या मेटाव्हांटेकडे गेली, तर २००७ मध्ये त्याच क्षेत्रातल्या फायसर्व्हने चेकफ्री सुमारे ४.४ अब्ज डॉलरना घेतली. बिलाचा पडदा पुष्कळ ठिकाणी बँकेच्या नावाचाच राहिला, मात्र त्यामागची यंत्रणा चालवणारे दुसरेच होते.