थर्मल आणि नाइट व्हिजन एकत्र वापरून उसाच्या कडेचा बिबट्या ओळखता येईल का?

प्रश्न : शिवारकरी, आंबेगाव

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीला ज्या आठवड्यात रात्रीची थ्री-फेज वीज मिळते, त्या आठवड्यात उसाला दारे धरायला अंधारातच जावे लागते. मोटरच्या खोलीपासून उसाची कड साधारण शंभर मीटरवर आहे आणि मध्ये बांध, चारी व गवत आहे. वस्तीवरच्या घरांनी वर्गणी काढून दोन वस्तू घेतल्या आहेत. एक म्हणजे मोबाइलला खालून जोडायचा २५६ × १९२ पिक्सेलचा थर्मल कॅमेरा आणि दुसरी म्हणजे एका डोळ्याने पाहायची डिजिटल नाइट व्हिजन दुर्बीण, जिच्यावर इन्फ्रारेड (डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाची) बॅटरी बसवलेली आहे.

थर्मलमध्ये बांधावर काहीतरी उष्ण आहे हे लगेच कळते, पण तो पांढरा ठिपका बिबट्याचा, कुत्र्याचा की सुटलेल्या कालवडीचा, हे सांगता येत नाही. नाइट व्हिजनमध्ये जनावर ओळखू येते खरे, मात्र नेमके कोठे पाहायचे हे आधी ठाऊक असावे लागते. शिवाय बॅटरीचा उजेड जवळच्या गवतावरून परत येऊन सगळे चित्र पांढुरके करून टाकतो. या दोन्हींची चित्रे जोडून एकच चित्र करता येईल का? आणि आणखी पन्नास-साठ हजार रुपये गोळा झाले, तर ते कशावर खर्च करावेत?

उत्तर : भिंग_आणि_किरण

आपण दोन्ही उपकरणांच्या मर्यादा नेमक्या सांगितल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे उत्सर्जन टिपतो. ते जनावराच्या अंगातूनच बाहेर पडते, म्हणून त्याला उजेडाची गरज नसते. डिजिटल नाइट व्हिजनमधला सेन्सर साध्या कॅमेऱ्यासारखाच सिलिकॉनचा असतो आणि तो परावर्तित प्रकाशावर चालतो, मग तो चंद्राचा असो वा आपल्या ८५० नॅनोमीटरच्या बॅटरीचा. त्यामुळे अंगावरचे ठिपके, शेपटीची लांबी, कानांचा आकार हे तपशील नाइट व्हिजनमध्येच मिळतात. रानात लावलेल्या कॅमेरा ट्रॅपच्या इन्फ्रारेड छायाचित्रांत बिबट्याचे ठिपके स्वच्छ उमटतात, थर्मलमध्ये ते जवळजवळ दिसत नाहीत.

आता आपला ठिपका ठिपकाच का राहतो, ते आकड्यांत पाहू. अशा मोबाइल थर्मलमध्ये बहुधा १२ मायक्रॉनचे पिक्सेल आणि सुमारे ४ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग असते. १२ ला ४ ने भागले की ३ मिलिरेडियन येतात (हे कोन मोजण्याचे एकक आहे; एक मिलिरेडियन म्हणजे शंभर मीटरवर १० सेंटिमीटर), म्हणजे शंभर मीटरवर एक पिक्सेल ३० सेंटिमीटर जागा व्यापतो. बिबट्याची खांद्यापाशी उंची ६० ते ७० सेंटिमीटर धरली, तर तो उंचीला जेमतेम दोन पिक्सेल भरतो. जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये अमेरिकी लष्करासाठी मांडलेल्या निकषांनुसार ‘काहीतरी आहे’ एवढे कळायला सुमारे दोन पिक्सेल पुरतात, पण ते कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखायला साधारण आठ लागतात, आणि तेही निम्म्या वेळा ओळख पटेल या हिशेबाने. आपल्या कॅमेऱ्यात आठ पिक्सेल मिळवायचे तर जनावर २५ ते ३० मीटरवर यावे लागेल, आणि बिबट्याच्या बाबतीत इतक्या जवळ येईपर्यंत थांबण्यात काहीच अर्थ नाही.

म्हणून पैसे भिंगावर घाला. तोच २५६ × १९२ सेन्सर १५ मिलिमीटरच्या भिंगासह घेतला, तर शंभर मीटरवर पिक्सेल ८ सेंटिमीटरचा होतो आणि आठ पिक्सेलचा हिशेब तिथेच जमतो. त्याची किंमत दृष्टिक्षेत्राच्या रूपाने मोजावी लागते. मोबाइलच्या थर्मलला शंभर मीटरवर सुमारे ७७ मीटर रुंदीची पट्टी दिसते, १५ मिलिमीटरच्या भिंगातून ती फक्त वीस मीटर उरते. यास्तव आहे तो कॅमेरा विकू नका, तो शिवारावर नजर फिरवायला ठेवा. थर्मलची भिंगे जर्मेनियमसारख्या महाग पदार्थाची करावी लागतात आणि मोठे भिंग म्हणजे अधिक पदार्थ, त्यामुळे किमतीतला बराच फरक तिथून येतो. नवे घेताना दर सेकंदाला २५ चित्रे देणारे घ्या. काही स्वस्त यंत्रे अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे ९ चित्रांवरच थांबतात आणि चालते जनावर त्यांत झटके खात सरकते.

गवताच्या उजेडाबद्दल एकच उपाय आहे, तो म्हणजे बॅटरी दुर्बिणीवरून काढून तिच्यापासून हातभर वर धरणे आणि झोत अरुंद करणे. त्याहून लांब नेऊ नका, कारण डोळ्यांची चमक उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जाते आणि बॅटरी फार दूर गेली की ती चमक दुर्बिणीत येत नाही. ९४० नॅनोमीटरची बॅटरी घेतल्यास तिचा लालसर ठिपका दिसणार नाही, पण सिलिकॉन त्या तरंगलांबीला बरेच कमी संवेदनशील असल्याने पल्ला घटेल. आपले काम लपून बसण्याचे नाही, तेव्हा ८५० च ठेवा.

उत्तर : जोडकाम

एकच चित्र करता येईल का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. अमेरिकी लष्कराच्या ईएनव्हीजी या नाइट व्हिजन चष्म्यांत प्रकाशवर्धक नळीच्या चित्रावर थर्मलची बाह्यरेषा चढवलेली असते आणि जुन्या नळीच्या चष्म्यापुढे अडकवायचे छोटे थर्मलही मिळतात. मात्र त्यांच्या किमती शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. आपल्याला हेच काम रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्याचा इन्फ्रारेड गाळणी नसलेला कॅमेरा आणि संगणकाला यूएसबी कॅमेरा म्हणून ओळखू येणारा थर्मल, एवढ्या सामग्रीवर करता येते. आपला मोबाइल थर्मल तसा ओळखला जातो का, हे लॅपटॉपला जोडून आधी पाहा; बरेचसे ओळखले जातात.

दोन चित्रे अर्धी-अर्धी मिसळू नका, कारण तसे केल्यावर दोन्ही गढूळ होतात. नाइट व्हिजनचे करडे चित्र पूर्ण ठेवावे, थर्मलमधील आसपासच्यापेक्षा उष्ण भाग निवडावा आणि त्याची फक्त नारिंगी कड त्या चित्रावर काढावी. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे प्रोग्रामच्या थोडक्या ओळींत होते. अवघड भाग आहे तो दोन्ही चित्रे एकमेकांवर बरोबर बसवण्याचा, कारण त्यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी दिसणाऱ्या खुणा लागतात. चौकटीचा छापील कागद थर्मलला सपाट दिसतो. मी पेटता कंदील वापरतो. त्याची ज्योत नाइट व्हिजनला दिसते, आणि काच थर्मलला आरपार नसली तरी स्वतःच तापलेली असल्याने ठळक उमटते. बांधावर चार ठिकाणी कंदील ठेवून दोन्ही चित्रांतील त्याची जागा नोंदवली की एक चित्र दुसऱ्यावर बसवण्याचे गणित सुटते.

दोन भिंगांमधील अंतराकडे मात्र लक्ष हवे. ती सहा सेंटिमीटर अंतरावर असतील आणि जुळणी ८० मीटरवर केली असेल, तर त्यापलीकडे कितीही लांबच्या वस्तूसाठी चूक वर सांगितलेल्या १५ मिलिमीटरच्या भिंगाच्या एका पिक्सेलच्या आत राहते. दहा मीटरवर मात्र तीच चूक सहा-सात पिक्सेल होते आणि कड जनावराच्या बाजूला सरकलेली दिसते. बाजारात ३२ × २४ पिक्सेलचे फार स्वस्त थर्मल सेन्सर मिळतात. ते प्रयोगासाठी ठीक आहेत, शिवारात त्यांचा उपयोग नाही.

उत्तर : रात्रगस्त_जुन्नर

वरील दोन्ही उत्तरे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहेत, परंतु हातात धरून फिरायच्या उपकरणात चित्रे जोडण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. माणूस एकाच पडद्यात गुंतला की नारिंगी कड दिसेल तेव्हाच सावध होतो, आणि ती कड न दिसणे म्हणजे बिबट्या नसणे, असे मानू लागतो. उभ्या उसात हे गृहीतक जीवघेणे आहे. उसाची दाट पाने थर्मलही अडवतात आणि इन्फ्रारेडचा उजेडही अडवतात. सरीत दोन-तीन ओळी आत दबून बसलेला बिबट्या दोन्हींत दिसत नाही. त्यामुळे ऊस न्याहाळत बसण्यापेक्षा उसाची कड, बांध, चारी आणि बैलगाडीची वाट या उघड्या पट्ट्यांवर नजर ठेवावी, कारण तो बाहेर पडतो तो तिथेच.

वेळ आणि ऋतू यांचाही हिशेब ठेवा. चैत्र-वैशाखात बांधाचे दगड दिवसभर तापलेले असतात आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात; त्या पार्श्वभूमीवर जनावर ठळक उठत नाही. संध्याकाळी आणि सकाळी अशी एक वेळ येते की जमीन आणि जनावराच्या केसांचा पृष्ठभाग जवळपास सारख्याच तापमानाचे दिसतात. नेमकी तीच बिबट्याच्या हालचालीची वेळ असते, म्हणून तेव्हा थर्मलवर विसंबू नये. पाऊस आणि दाट धुके दोन्ही उपकरणांचा पल्ला कमी करतात. गाडीत बसून काचेतून थर्मल लावला, तर काचेचेच तापमान दिसते, बाहेरचे काही दिसत नाही. काच खाली घ्यावी लागते.

आमच्याकडे काम वाटून घेतलेले असते. एक जण थर्मल हळूहळू फिरवतो आणि ठिपका दिसला की ‘आंब्याच्या डावीकडे, बांधावर’ अशी खूण सांगतो. दुसरा त्या खुणेवर नाइट व्हिजन लावून ओळख पटवतो, आणि तिसरा साधी मोठी बॅटरी व काठी घेऊन मागची बाजू राखतो. तिसऱ्याने मोबाइलच्या पडद्याकडे पाहायचेच नाही, कारण उजेडाने दिपलेल्या डोळ्यांना अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ओळखताना डोळ्यांच्या चमकीवर जाऊ नका, ती कुत्रा, उदमांजर आणि वासरू या सर्वांच्या डोळ्यांत असते. लांब, टोकाशी किंचित वर वळलेली शेपटी आणि खांदे खाली ठेवून चालण्याची ढब या खुणा अधिक भरवशाच्या आहेत.

ओळख पटली की त्याच्या दिशेने एक पाऊलही टाकू नये. मोटर बंद करण्याचे काम राहिले तरी राहू द्यावे, एकत्र मागे यावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला पाठलाग करून हाकलणे हेही या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत बसू शकते. पिल्ले दिसली तर मादी जवळपास आहे असे समजून जागा ताबडतोब सोडावी.

शिवारकरी, आंबेगाव

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्रगस्तदादांचे म्हणणे पटले, हातातली उपकरणे वेगळीच ठेवू. पण मोटरच्या खोलीच्या छतावर जोडलेले चित्र कायमचे बसवून त्याचा पडदा आत ठेवला, म्हणजे दार उघडण्यापूर्वी बांध पाहता येईल, तर ते उपयोगी ठरेल का?

जोडकाम

तेच त्याचे योग्य ठिकाण आहे. कॅमेरे एकदा जागेवर घट्ट बसले की जुळणी हलत नाही. खोलीपासून बांधाच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर फारसे बदलत नसल्याने भिंगांमधील अंतराची अडचणही जवळजवळ राहत नाही. दोन्ही कॅमेरे एकाच लोखंडी पट्टीवर कसा, थर्मलपुढे काच किंवा ॲक्रिलिक लावू नका, वरून पत्र्याची पडवी काढा आणि इन्फ्रारेडचा दिवा पट्टीपासून हातभर वर बसवा, म्हणजे भिंगासमोरून उडणारे किडे त्याच्या उजेडात फारसे चमकणार नाहीत.

रात्रगस्त_जुन्नर

याला माझी हरकत नाही. पण खोलीच्या मागची बाजू त्या कॅमेऱ्यात येणार नाही, तेव्हा दार उघडल्यावर आधी मोबाइलच्या थर्मलने छप्पर, मागची भिंत आणि पाण्याची टाकी पाहून घ्या, आणि त्यानंतरच उंबरा ओलांडा.