आधी रिसीव्हरची जागा बदला
कीर्तनात बुवा पाठमोरे झाले की बिनतारी कॉलर माइकचा आवाज तुटतो, म्हणून नवा सेट घ्यायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका. आमच्या सांगलीत गणपतीच्या मांडवात रिसीव्हर (माइकचा सिग्नल पकडणारा डबा) बहुधा मागे मिक्सरपाशी असतो, मधे सगळी गर्दी. माणसाचं शरीर रेडिओलहरी शोषतं, त्यामुळे सिग्नल तिथवर पोचेपर्यंत अशक्त होतो. रिसीव्हर स्टेजच्या कडेला, डोक्यापेक्षा उंच ठेवा, दोन्ही अँटेना एकमेकींपासून तिरक्या करा आणि मिक्सरपर्यंत एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) केबल ओढा. सेट २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर वायफायही त्याच पट्ट्यात असतं, त्याचा अडथळा येऊ शकतो. मांडवात यूएचएफ, म्हणजे त्याहून कमी फ्रिक्वेन्सीचा सेटच बरा. सेल मात्र दर कार्यक्रमाला नवे घाला, तिथे काटकसर नको.