लहान वस्तीचे सांडपाणी: तळी की यंत्रे?

पाणवठा (मूळ मत):
लहान वस्तीने यंत्रांवर चालणारा सांडपाणी प्रकल्प उभारू नये, स्थिरीकरण तळी (सांडपाणी बरेच दिवस साठवून शुद्ध करणारी उथळ तळी) खोदावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा प्रकल्पातल्या सक्रियित गाळ पद्धतीत मैल्यावर जगणाऱ्या जिवाणूंना अहोरात्र हवा पुरवावी लागते, आणि प्रकल्पाच्या विजेचा सर्वांत मोठा वाटा ही हवा फुंकणारे ब्लोअरच खातात. ते दीर्घकाळ बंद राहिले की टाकीतला तपकिरी गाळ काळा पडतो, कुजका वास सुटतो आणि घडी पुन्हा बसायला बरेच दिवस जातात. मोठ्या शहरात यावर नजर ठेवायला रसायनतज्ज्ञ असतात. लहान वस्तीत जो माणूस सकाळी नळाचे पाणी सोडतो, त्याच्याच गळ्यात हा प्रकल्पही पडतो. तळ्यात तेच काम ऊन, शेवाळ आणि वेळ मिळून करतात.

मोजपट्टी:
वेळेला जागा लागते, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. ५,००० माणसांचे प्रत्येकी १०० लिटर सांडपाणी धरले, तर रोजचे ५०० घनमीटर होते. ते दीड मीटर खोल तळ्यात २० दिवस ठेवायचे म्हटले, तर बांध सोडून नुसते पाणीच सुमारे ६,७०० चौरस मीटर जागा व्यापते. दिवसभर हवा देणारी चार मीटर खोल टाकी १२५ चौरस मीटरमध्ये बसते. शिवाय भर दुपारी तळ्यातले शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, सामू (pH) ९ च्या वर जाऊ शकतो आणि अमोनिया माशांना अधिक विषारी ठरणाऱ्या रूपात येतो. आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला मांडलेली सक्रियित गाळ पद्धत शतकभर टिकली, ती काही उगाच नव्हे.

पाणवठा:
जागेचा हिशेब मान्य आहे. मात्र पाणी नदीत सोडायचे की शेताला द्यायचे, हे आधी ठरवावे लागेल. शेताला द्यायचे असेल तर जंतांच्या अंड्यांची चिंता अधिक, आणि ती तळ्यातल्या दीर्घ मुक्कामात तळाशी बसतात. यंत्राच्या प्रकल्पातून सतत निघणारा गाळ कोठे वाळवायचा आणि कोठे टाकायचा, हे मोजपट्टी यांनी सांगितलेलेच नाही.

झाकण:
आपण दोघेही नळीच्या शेवटच्या टोकाशी भांडत आहात. मी यंत्रांवर चालणाऱ्या अशा एका प्रकल्पावर काम केले आहे. टाकीतले पाणी एक लिटरच्या उभ्या काचपात्रात भरून ठेवायचो. अर्ध्या तासात गाळाचे पुंजके खाली बसत आणि वर नितळ पाणी दिसे. पहिल्या जोरदार पावसानंतर त्याच पात्रात जेमतेम बोटभर गाळ उरला, कारण फुटक्या चेंबरांतून शिरलेल्या पाण्याने बाकीचा, गाळ खाली बसवणाऱ्या निवळण टाकीतून वाहून नेला होता. (त्या दिवशी कागदावर मात्र 'प्रकल्प सुरळीत' अशीच नोंद झाली.) तळ्याच्या आकारमानामुळे असा धक्का त्यात पुष्कळसा जिरतो, एवढे पाणवठा यांच्या बाजूने बोलतो.

मोजपट्टी:
तो दोष पद्धतीचा नसून चेंबरांचा आहे. आधी मलवाहिन्या दुरुस्त कराव्यात आणि दिवसभरातले चढउतार सामावणारी समतोल टाकी बांधावी. गाळाचा प्रश्न मात्र रास्त आहे: वाळूच्या वाफ्यांवर तो वाळवता येतो, पण त्यासाठीही जागा लागते, आणि ती माझ्या १२५ चौरस मीटरमध्ये धरलेली नव्हती.