मार्च-एप्रिलमधे मुलांना घेऊन पुण्यात कुठे जाता येईल? (मॉल नको)

आंबेमोहोर

नमस्कार मंडळी, आम्ही गेल्या वर्षी नागपूरहून पुण्यात आलो, कर्वेनगरला राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीन, आणि सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून फार चढ-उतार झेपत नाही. आमच्याकडे नागपूरला मार्च लागला की उन्हाळाच, पण इथे सकाळी अजून मस्त गार असतं आणि सोसायटीतल्या झाडांना नवीन पालवी फुटलीये, कोकीळ पहाटेपासून ओरडत असतो, आणि आम्ही मात्र दर रविवारी मॉलमधे जातो, प्ले एरिया, तिथेच खाणं, आणि घरी येईपर्यंत दोन्ही मुलं रडकुंडीला आलेली असतात. मला हे बंद करायचंय.

मुलीला नावं विचारायची फार सवय आहे, हे झाड कुठलं, तो पक्षी कुठला, आणि मला सांगता येत नाही याचं वाईट वाटतं. झाडं, पक्षी, जुनं पुणं असं काहीतरी दाखवायचंय. नवऱ्याला फक्त रविवार असतो, बाकी दिवशी मी एकटी मुलांना घेऊन जाऊ शकते. प्लीज नुसती ठिकाणांची यादी देऊ नका, ती गुगलवर मिळते, किती वाजता जायचं, तिथे लहान मुलांना नक्की काय दाखवायचं ते सांगा.

टेकडीकर

आधी एक सांगते, पुण्याचा वसंत सकाळचा असतो. नऊ-साडेनऊनंतर मार्चमधेसुद्धा ऊन लागायला लागतं आणि एप्रिलमधे तर पारा 38-40 पर्यंत जातो, तेव्हा जे काही बाहेरचं करायचं ते सात ते नऊ. मुलांना उठवणं जड जातं मान्य आहे, पण डबा गाडीत ठेवायचा, दात घासून थेट निघायचं, नाश्ता तिकडेच. घरी नाश्ता करून निघायचं ठरवलं की दहा वाजतात.

तुम्ही कर्वेनगरला आहात म्हणजे वेताळ टेकडी तुमच्या शेजारीच. लॉ कॉलेज रोडकडून एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) रस्त्याने गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे सासूबाईंना चढायचं काम नाही. वर बऱ्यापैकी सपाट आहे, त्यांना एखाद्या ठिकाणी बसवून तुम्ही मुलांना घेऊन पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीच्या बाजूला जाऊन या. (पाण्याजवळ मुलांचा हात सोडू नका, कडा सरळ खाली आहेत.) मोर दिसला नाही तरी ओरडलेला नक्की ऐकू येतो. आत्ता वर गिरिपुष्प फुललेलं असेल, फिकट गुलाबी, पान एक नाही नुसती फुलं. ते मूळ इथलं झाड नाही, वनीकरणात लावलेलं आहे, पण मुलांना ओळखायला सोपं म्हणून सुरुवात त्यानेच करा.

आता नावांचं. मुलीला एकदम वीस झाडं सांगू नका, एका वेळी एक-दोनच, आणि हात लावून बघता येईल अशी. काटेसावर घ्या, खोडावर जाड काटे आणि वर तळहाताएवढी लाल मांसल फुलं, खाली पडलेलं फूल उचलून हातात दिलं की वजनदार लागतं. एप्रिलमधे याच झाडाची बोंडं फुटून कापूस उडतो, तो पकडायला मुलं किती वेळ पळतात बघा! फुललेल्या काटेसावरीवर किंवा पळसावर गुलाबी-काळ्या मैनांचा थवा आला तर त्या पळसमैना. त्या आपल्याकडे फक्त हिवाळ्यापुरत्या येतात, मार्च-एप्रिलमधे फुलांतला मकरंद पिऊन परत निघतात. एकच पक्षी ओळखायला शिकवायचा असेल तर मी तांबट सांगेन, कारण तो दिसण्याआधी ऐकू येतो, टुक टुक टुक करत भर शहरात, आणि आवाजाच्या मागे शोधत जायचं हाच मुलांचा खेळ होतो.

आणि वावळ! पुण्यात रस्त्यारस्त्यावर आहे आणि कोणाला नाव माहीत नसतं. मार्चमधे त्याच्या चपट्या गोल कागदासारख्या शेंगा वाऱ्यावर उडत रस्ताभर पसरतात, मधे एक बी. आमच्या लहानपणी आम्ही सोलून खायचो, चव चारोळीच्या जवळची. पान चुरगाळून वास घ्यायला सांगा मुलीला, घाण वास येतो, ते झाड ती जन्मात विसरणार नाही.

सायकलवाली

टेकडीला +1, पण साडेतीन वर्षांच्या मुलाला आणि आजींना एकत्र घेऊन जायचं असेल तर मी सगळ्यात आधी एम्प्रेस गार्डन म्हणेन. रेसकोर्सच्या बाजूला, कॅम्पमधे. तिकडे प्रचंड जुनी झाडं आहेत, वर बघितलं तर आकाश दिसत नाही अशी, आणि मांडीएवढ्या जाड वेली झाडांवर चढलेल्या आहेत, मुलांना त्या वेलीच दाखवा. सावली इतकी की तिथे दहा-साडेदहापर्यंत आरामात बसता येतं. चटई आणि डबा घेऊन जा, आजी बसतील, मुलं मातीत खेळतील, झोके-घसरगुंडी पण आहे. फुलांचं प्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास असतं ते आता झालं, ते पुढच्या वर्षी लक्षात ठेवा, पण गर्दी नसताना ती बाग जास्त छान वाटते असं माझं मत.

लोक तुम्हाला सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान पण सांगतील. जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे, सुंदरच आहे, पाण्याचे प्रवाह, छोटे पूल, हिरवळ. पण ती बघायची बाग आहे, पळायची नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला "इथे जाऊ नको, तिथे पाय ठेवू नको" करण्यातच तुमचा वेळ जाईल. मुलगी आणि आजी दोघींनाच घेऊन जा तिथे, त्यांना आवडेल.

पेठेतले_काका

जुनं पुणं दाखवायचंय म्हणताय तर सगळे शनिवारवाड्यापासून सुरुवात करतात, मी म्हणतो ते शेवटी ठेवा. वाडा आतून जळालेला आहे, उरलेत ते तट, दरवाजे आणि जोती, सावली जवळजवळ नाही, लहान मुलांना तिथे कळण्यासारखं कमी. दिल्ली दरवाज्यावरचे खिळे मात्र जरूर दाखवा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून कसे टोकदार ठोकलेत ते मुलं अगदी निरखून बघतात.

त्याऐवजी जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी. भर शहरात, रस्त्यावरून कळतही नाही. आठव्या शतकाच्या सुमारास राष्ट्रकूटांच्या काळात एकाच काळ्या कातळात कोरून काढलेली, समोर नंदीचा गोल मंडप, तोसुद्धा त्याच दगडातला. मुलीला एवढंच सांगा की इथे काही बांधलेलं नाही, नुसतं काढून टाकलंय, आणि मग तिला विचारा की आधी काय कोरलं असेल, वरचा भाग की खालचा. माझा नातू यावर बराच वेळ विचार करत बसला होता. आत एप्रिलच्या दुपारीसुद्धा गारवा असतो. दहाबारा पायऱ्या उतराव्या लागतील, तुमच्या सासूबाईंना हात धरून जमेल.

दुसरं म्हणजे मंडई. हसू नका, खरंच सांगतोय. महात्मा फुले मंडईची मूळ इमारत 1886 सालची, मधला भाग अष्टकोनी, वर उंच मनोरा. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात तिकडे जा. रस्त्यावर साखरेच्या गाठ्यांच्या माळा टांगलेल्या असतात, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, कडुनिंबाचे मोहोरासकट डहाळे विकायला असतात, पहिल्या कैऱ्या येतात, द्राक्षांचा हंगाम संपत आलेला असतो. मुलीच्या हातात पन्नास रुपये द्या आणि तिला स्वतः भाव विचारून काहीतरी घेऊ दे. मॉलमधे हे मिळत नाही. सकाळी आठला जा, अकरानंतर त्या गर्दीत लहान मूल सांभाळणं अवघड.

गाडी मात्र चुकूनही नेऊ नका. मेट्रोने जा. तुम्हाला नळ स्टॉप जवळ पडेल, तिथून सिव्हिल कोर्टला बदलायचं, मंडई स्टेशनला उतरायचं. आणि खरं तर मेट्रो हीच मुलांची अर्धी सहल आहे. आधी गाडी नदीकाठाने वरून जाते, संभाजी उद्यानाचं स्टेशन पुणेरी पगडीच्या आकाराचं आहे ते दाखवा, मग सिव्हिल कोर्टला सरकत्या जिन्यांवरून खाली खाली उतरायचं, जवळपास 33 मीटर खोल स्टेशन आहे ते, आणि पुढची गाडी मुठा नदीच्या खालून जाते. नदीच्या वरून पण गेलो आणि खालून पण, हे माझा नातू येईल त्या पाहुण्याला सांगतो. लिफ्ट सगळीकडे आहे.

आंबेमोहोर

बाप रे, किती छान सांगताय सगळे! काका, मंडईचं तर ठरलंच, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या गाठ्या घ्यायला मीच येणार. टेकडीकर ताई, वावळ आमच्या गल्लीतच निघाला, खाली त्या चपट्या शेंगांचा खच पडलाय, मुलीने पान चुरगाळून वास घेतला आणि आता सगळ्यांना घ्यायला लावतेय.

दोन प्रश्न अजून. दुपारी काय करायचं, विशेषतः एप्रिलमधे? आणि कात्रजचं प्राणीसंग्रहालय उन्हात न्यावं का? मुलगा वाघ वाघ करतोय कधीपासून.

निळी_छत्री

कात्रजला जा पण रविवारी नको आणि बुधवारी तर बंदच असतं. तुम्ही बाकीच्या दिवशी एकट्या जाऊ शकता म्हणताय तर मंगळवार किंवा गुरुवार, उघडल्या उघडल्या. जागा 130 एकर आहे, साडेतीन वर्षांचा मुलगा सगळं चालणार नाही, त्यामुळे आत बॅटरीची गाडी मिळते ती घ्या नाहीतर सरळ ठरवून वाघ, हत्ती, मगर आणि सर्पोद्यान एवढंच करून बाहेर पडा. सगळं बघायच्या नादात शेवटी कडेवर घेऊन एक-दीड किलोमीटर चालावं लागतं. ऊन चढलं की प्राणीही सावलीत जाऊन झोपतात, मग मुलं विचारत राहतात वाघ कुठाय.

दुपारसाठी कर्वे रोडवरचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुमच्या अगदी जवळ. आख्खं छोटं शहर आहे, सिग्नल, पूल, स्टेशनं, आणि आगगाड्या खऱ्याखुऱ्या धावतात, मधे दिवे मालवून रात्र करतात. फोन करून शोची वेळ विचारून जा. मुलगा तिथून हलणार नाही. आगगाडीचं वेड लागलंच तर सारसबागेजवळ पेशवे उद्यानात फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी, 1956 पासूनची, इथले आजी-आजोबा पण लहानपणी बसलेले आहेत तीत, ती संध्याकाळी, आणि चालू आहे का विचारून.

मुलगी प्रश्न विचारणारी आहे तर तिला राजा केळकर संग्रहालयात न्या, पण सगळे मजले करू नका. तिला एकच काम द्या, दिवे शोध, किंवा अडकित्ते. एकेका वस्तूचे इतके प्रकार आहेत तिकडे, घोड्याच्या, माणसांच्या, पोपटाच्या आकाराचे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून हे गोळा केलं आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. हे मी माझ्या मुलीला सांगितल्यावर ती एकदम गप्प होऊन हळूहळू बघायला लागली. जिने आहेत, आजींना खालच्या मजल्यापुरतं ठेवा.

आणि 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, हा पुण्यातल्या मुलांचा खरा सण आहे असं मला मनापासून वाटतं. विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्या दिवशी सगळ्यांसाठी खुली असते, शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, आणि मराठीतूनही. यंदा हुकला असेल तर पुढच्या वर्षी चुकवू नका. मुलगी थोडी मोठी झाली की त्याच सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला न्या, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यातल्या एकीच्या खाली उभं राहिलं की मोठी माणसंही बोलायचं थांबतात.

टेकडीकर

दुपारसाठी अजून एक, घरातल्या घरात. रंगपंचमी येतेय तर पळसाचा रंग करा मुलांबरोबर. झाडाखाली पडलेली फुलं गोळा करायची, झाडावरची तोडू नका, पक्षी त्यावरच असतात. नाही मिळाली तर काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेली मिळतात. रात्रभर पाण्यात भिजवायची किंवा मंद गॅसवर उकळायची, सकाळी फडक्यातून गाळायचं, केशरी-पिवळं पाणी तयार. चिमूटभर चुना घातला की रंग गडद होतो पण मुलांच्या डोळ्यांत जाईल म्हणून मी कधीच घालत नाही. पांढरा जुना शर्ट घालून खेळू दे, डाग छान दिसतात.

टेकडीबद्दल एक राहिलं. मार्चनंतर गवत पूर्ण वाळलेलं असतं, दरवर्षी वणवे लागतात आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी त्यात जातात. कुठे धूर दिसला तर मुलांना घेऊन लगेच खाली या आणि अग्निशमन दलाला 101 वर फोन करा. पायात बूट, पूर्ण पँट, आणि माणशी एक पाण्याची बाटली, वर पाणी मिळत नाही.

पेठेतले_काका

मंडईहून परत येताना लगेच मेट्रोत बसू नका, मुलांना उसाचा रस पाजा, आलं-लिंबू घालून, बर्फ नको म्हणून सांगा. आणि सासूबाईंना विचारा, चैत्रगौरीचं हळदीकुंकू करतात का त्या. कैरीची डाळ आणि पन्हं करायला घेतलं की दोन्ही मुलांना कैरी किसायला आणि हरभऱ्याची डाळ निवडायला बसवा, एप्रिलची एक दुपार त्यात जाते.

आंबेमोहोर

करतात काका, नागपूरला दरवर्षी करायच्या, इथे ओळखी नाहीत म्हणून गेल्या वर्षी राहिलं. या वर्षी सोसायटीतल्या बायकांना बोलावूया म्हणाल्या. या रविवारी सकाळी सातला टेकडी, पुढच्या गुरुवारी कात्रज, पाडव्याच्या आधी मंडई. एम्प्रेस गार्डनला तिकीट रोख लागतं का ऑनलाइन चालतं?

सायकलवाली

रोख सुट्टे पैसे जवळ ठेवा म्हणजे अडणार नाही. आणि डासांचं क्रीम लावून न्या मुलांना, झाडी दाट आहे.