मदत हवी आहे: रत्नागिरीतली २०१८ ची मर्सिडीज ऑल-टेरेन (जुनी गाडी) घ्यावी का?

ई २२० डी मॉडेल, ८६,००० किमी, कायम समुद्राजवळ उघड्यावर उभी. संगणकाच्या स्कॅनमध्ये बिघाडाचा कोड नाही. लिफ्टवर घेतली: सबफ्रेमच्या (सस्पेंशन धरणारा खालचा सांगाडा) वेल्डवर वरवरचा गंज, टोचून पाहिलं, पत्रा घट्ट आहे. ब्रेक पाइपच्या क्लिपांपाशी मात्र खवले निघतात. ते पाइप बदलणारच.

खरी काळजी एअर सस्पेंशनची (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारी यंत्रणा). रात्रभर सपाट जागी उभी ठेवली, तर मागचा डावा कोपरा १८ मिमी खाली. बेलो (चाकाजवळची हवा भरलेली रबरी पिशवी) आणि नळीच्या जोडावर साबणपाणी मारलं, बुडबुडे नाहीत. पण तेव्हा गाडी उचललेली होती, बेलोची घडी पूर्ण उघडलेली. गळती राहिली तर हवा भरणारा कंप्रेसर सारखा चालून जळेल, म्हणून अंदाजाने पार्ट बदलायचे नाहीत. मालक खोलू देत नाही, अधिकृत वर्कशॉप घाटापलीकडे.

गळती बेलोच्या घडीत आहे की व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (बेलोंना हवा सोडणारे व्हॉल्व्ह असलेला भाग), हे न खोलता नक्की कसं ओळखायचं?