मदत हवी आहे: नोव्हेंबरात सालेंतोच्या किनाऱ्याने निवांत सायकल (इटली)

नमस्कार मंडळी,

दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या मध्यावर मी आणि नवरा इटलीच्या बुटाच्या टाचेला, म्हणजे सालेंतोला, सायकलने फिरायचं म्हणतोय. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. दोन वर्षांपूर्वी दिघी ते रत्नागिरी केलंय, वेसवीच्या आणि दाभोळच्या फेरीबोटीत सायकली चढवत. त्यातलं मला सगळ्यात लख्ख आठवतं ते हर्णैला दुपारी दोन तास काहीही न करता बसणं. नवऱ्याला आठवतात चढ आणि सरासरी वेग. या वेळी माझ्या पद्धतीने जायचं ठरलंय, निदान कागदावर तरी.

बेत असा: लेच्चेला सायकली भाड्याने घ्यायच्या. आतल्या रस्त्याने गाल्लिपोली, साधारण ४० किमी. (हे पहिल्या महायुद्धातलं तुर्कस्तानचं गाल्लिपोली नव्हे, घरी तीनदा समजावून झालंय.) तिथून किनाऱ्याने खाली सांता मारिया दी लेउका, सुमारे ५० किमी. मग टाचेला वळसा घालून वर ओत्रांतो, तेही तितकंच, आणि परत लेच्चे. सगळं मिळून २०० किमीच्या आत, आणि हाताशी दिवस आठ. म्हणजे रोज ३० किमीसुद्धा नाही.

दिशा अशी निवडली कारण इटलीत वाहनं उजवीकडून चालतात. गाल्लिपोलीहून खाली उतरताना समुद्र उजव्या हाताला आणि लेउकाहून वर चढतानाही उजव्याच हाताला, म्हणजे आपल्याच कडेला. कोकणात दक्षिणेकडे जाताना उलटं होतं, समुद्र रस्त्यापलीकडे आणि फोटोसाठी दर वेळी रस्ता ओलांडा.

आता काळजी. उन्हाळ्यात तिथे तोबा गर्दी असते म्हणून मुद्दाम नोव्हेंबर निवडला. पण नकाशावर गाल्लिपोली ते लेउका पट्ट्यातली राहायची ठिकाणं बघितली तर बहुतेकांवर ‘हंगामापुरते बंद’. नुसता एकांत मिळेल की उपासही घडेल? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. नवरा सगळं खातो. पाऊस-वारा कितपत? आणि व्हिसासाठी रोजचा मुक्काम लिहून द्यायचा असेल, तर ‘वाटलं तिथे थांबू’ हे कसं जमवायचं?

ऑगस्टमध्ये जाऊन आलेल्यांनी कृपया ‘स्वर्ग आहे’ एवढंच लिहू नये. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

मी तीन वर्षं बारीला (सालेंतोच्या उत्तरेचं मोठं शहर) होतो, सालेंतोकडे बऱ्याचदा जाणं व्हायचं. नोव्हेंबरातही गेलोय.

तुमची अडचण खरी आहे, पण उत्तर सोपं आहे: सायकल किनाऱ्याने चालवा, झोपायला आत जा. किनाऱ्यावरच्या बहुतेक वस्त्या म्हणजे आतल्या गावांची सुट्टीतली घरं. ओत्रांतोवर १४८० मध्ये तुर्की आरमाराने हल्ला केला, पुढेही चाच्यांचे छापे पडत राहिले, त्यामुळे लोक समुद्रापासून चार-आठ किलोमीटर आत राहिले आणि किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज बांधले. वाटेत प्रत्येक दुसऱ्या जागेचं नाव ‘तोर्रे’ अमुकतमुक दिसेल, ते हेच. आजही तोर्रे मोत्सा, लिदो मारिनी या जागा नोव्हेंबरात ओस असतात, आणि तिथून थोडं आत उजेंतो, प्रेसिच्चे, स्पेक्क्या इथे चौकात म्हातारे पत्ते कुटत बसलेले असतात. बेकरी चालू, औषधाचं दुकान चालू. पूर्वेच्या बाजूला त्रिकासे.

शाकाहाराची काळजी सोडा. ‘फावे ए चिकोरिए’ म्हणजे घोटलेल्या बाकल्याच्या डाळीबरोबर कडसर पालेभाजी. ‘चिचेरी ए त्रिया’ म्हणजे हरभऱ्यात घातलेला पास्ता, त्यातला थोडा तळून कुरकुरीत केलेला. आपल्या माणसाला पहिल्या घासात घरचं वाटतं. सकाळी पास्तिच्योत्तो (कस्टर्ड भरून भाजलेली छोटी पेस्ट्री) खाल्लाच पाहिजे, पण आधी विचारा, कारण जुन्या पद्धतीत वरच्या पारीत डुकराची चरबी घालतात. दुपारी दीडनंतर दुकानं बंद होतात ती साडेचार-पाचलाच उघडतात, तेव्हा दुपारचा शिधा सकाळीच घ्या. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मागितलंत तर तुमच्याकडे दयेने बघतील.

वारा. उत्तरेचा त्रामोंताना आणि आग्नेयेचा शिरोक्को. तिकडचे लोक वारा बघून ठरवतात आज कुठल्या समुद्रावर जायचं. त्रामोंताना असेल तर पूर्वेचा एड्रियाटिक खवळतो आणि गाल्लिपोलीकडचा आयोनियन शांत राहतो, शिरोक्को असेल तर उलट. तुमच्या दिशेने त्रामोंताना लेउकापर्यंत पाठीशी आणि लेउकाहून वर थेट तोंडावर. तेव्हा दिशा लेच्चेला पोचल्यावर, अंदाज बघून पक्की करा. फोटोंपेक्षा वारा महत्त्वाचा. पाऊसही तिथे याच दिवसांत पडतो, आठातला एखादा दिवस कोरडी खोली आणि पुस्तक यासाठी धरून चाला.

पश्चिमेचा किनारा सपाट आहे, पूर्वेचा नाही. लेउका ते ओत्रांतो रस्ता कड्यावरून वरखाली जातो. तुमच्या यजमानांना जे हवंय ते तिथे मिळेल.

एक सांगून ठेवतो. आतल्या रस्त्यांवर मैलोन्मैल करडी, वाळलेली ऑलिव्हची झाडं दिसतील. झायलेला नावाच्या जिवाणूने २०१३ पासून शेकडो वर्षांची झाडं मारली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं वणवा गेलाय.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत. एक राहिलं: उजेड. नोव्हेंबरच्या मध्याला लेच्चेकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. इटलीत मावळतीनंतर अर्ध्या तासाने गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकलस्वाराला चमकतं जाकीट सक्तीचं आहे. निवांत म्हणून अकराला निघालात तर फसाल, नऊला निघून तीनला पोचा.

व्हिसासाठी लेच्चे, गाल्लिपोली, ओत्रांतो या तीन ठिकाणी रद्द करता येण्याजोगी आरक्षणं करा आणि खरोखर तिथेच राहायचं धरा. मध्ये एकच मुक्काम आतल्या गावात. ‘वाटलं तिथे थांबू’ हे दिवसाला लागू करा, रात्रीला नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, त्यात सायकलवरून पडणं धरलंय का ते विचारून घ्या. आतल्या गावांना छोटी रेल्वे आहे, पण रविवारी तिच्या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद ३

यजमानांना साधी सायकल द्या, स्वतः बॅटरीची घ्या. वाद मिटेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! प्रतिसाद १ नवऱ्याला वाचून दाखवला. कड्याचा रस्ता ऐकून त्याने लगेच चढाचा आलेख काढला, म्हणजे तो आता येणार हे नक्की.

त्रिकासेला दोन रात्री असा बदल केलाय. बॅटरीच्या सायकलीवर पावसाळी जाकीट, पाणी, शिधा असं किती वजन लादता येतं, आणि चार्जिंगला खोलीत नेऊ देतात का? लेच्चेला घेतलेली सायकल परत लेच्चेलाच द्यायची आहे.